आजारी हाडे काय सांगतात?

भिलाईतल्या सुपेल्याच्या उत्तरेला नंदिनीची खाण आहे. भिलाईच्या पोलादभट्ट्यांना चुनखडक पुरवणारी. हा खडक कधीकाळी समुद्राच्या तळाशी साचला, हे कळले की पुढचा प्रश्न हटकून येतो: मग सिनेमातल्या त्या समुद्री राक्षसांची हाडे इथे का मिळत नाहीत? या प्राण्यांविषयी ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या तब्येतीविषयी तर जास्तच.

गैरसमज: जिथे समुद्र होता तिथे ही हाडे सापडायलाच हवीत.

वस्तुस्थिती: समुद्र कधीचा, हे आधी विचारावे लागते. छत्तीसगडच्या मैदानातला हा चुनखडक सुमारे १०० कोटी वर्षांचा. तेव्हा हाड असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. या खडकांत दिसतात ते सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून घडवलेले स्ट्रोमॅटोलाइट. मनेंद्रगडला हसदेव नदीकाठी मिळालेले सागरी जीवाश्म त्या मानाने अलीकडचे, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे. पण त्यांत शिंपल्यांचाच भरणा. माशासारख्या आकाराचे इक्थिओसॉर समुद्रात दिसू लागले ते सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी. आपल्याकडे त्यांच्यापैकी एकाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला कच्छमधल्या लोडाई गावाजवळ. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वय सुमारे १५ कोटी वर्षे, लांबी अंदाजे साडेपाच मीटर. दातांच्या झिजेवरून तो जाड खवल्यांच्या माशांसारखे कठीण भक्ष्य खात असावा, असे त्यांनी मांडले.

गैरसमज: हे पाण्यातले डायनासोरच.

वस्तुस्थिती: नाही. इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर आणि मोसासॉर या सरीसृपांच्या वेगळ्या शाखा आहेत. मोसासॉर तर घोरपड आणि सापांच्या नात्यातले.

गैरसमज: मांस कुजले की आजाराचा पुरावा संपला.

वस्तुस्थिती: प्राणी जिवंत असताना हाडही जिवंत असते. फासळी मोडली तर तिथे नवे हाड धरते आणि गाठ राहते. मेल्यानंतर गाळाच्या वजनाखाली तडकलेल्या हाडाची कड मात्र तशीच धारदार राहते, भरून येत नाही. एवढ्या एका फरकावरून जिवंतपणीची जखम ओळखता येते. ऑस्ट्रेलियातल्या एका इक्थिओसॉरच्या जबड्यावर चाव्याच्या भरून आलेल्या खुणा आहेत. म्हणजे हल्ल्यानंतरही तो जगला. आतला बिघाड पाहायला एक्स-रे आणि सीटी स्कॅन कामी येतात.

गैरसमज: कर्करोग, क्षय हे माणसाच्या राहणीमुळे आलेले रोग.

वस्तुस्थिती: जर्मनीत मिळालेला पॅपोकेलिस हा कासवांचा सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचा नातलग. त्याच्या मांडीच्या हाडात कर्करोगाची गाठ असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. पोलंडमधल्या त्याहून थोड्या जुन्या एका सागरी सरीसृपाच्या फासळ्यांवर फोडांसारखे उंचवटे आहेत. फुप्फुसाच्या क्षयासारख्या आजाराशी ते जुळतात, असे २०१८ चा अभ्यास सांगतो. हाडावरून आजाराचा प्रकार सुचतो, नेमका जंतू नव्हे. म्हणून शब्द वापरला जातो तो ‘क्षयासारखा’.

गैरसमज: समुद्रातच राहणाऱ्या प्राण्याला खोल बुडीचा त्रास कसा होईल?

वस्तुस्थिती: होतो. कसा, ते आपल्याकडच्या एका आजारावरून कळेल. छत्तीसगड आणि विदर्भात सिकल सेलचे रुग्ण बरेच. त्यांच्यापैकी काहींच्या खुब्याचे हाड निकामी होते. डॉक्टर त्याला ‘एव्हीएन’ म्हणतात. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, रक्त पोचत नाही आणि हाडाचा तेवढा भाग मरतो. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांच्या हाडांतही हेच घडते, फक्त तिथे अडथळा नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा असतो. ब्रूस रॉथशील्ड हे पेशाने संधिवाताचे डॉक्टर. त्यांनी आणि लॅरी मार्टिन यांनी १९८७ मध्ये मोसासॉरच्या मणक्यांत हाच बिघाड दाखवून दिला. प्लेटकार्पस आणि टायलोसॉरस या मोसासॉरांमध्ये तो होता, क्लायडॅस्टिस या मोसासॉरमध्ये नव्हता. त्यावरून क्लायडॅस्टिस उथळ पाण्यात वावरत असावा, असा अंदाज बांधला गेला. म्हणजे रोगाच्या खुणेवरून प्राण्याची दिनचर्याही कळू शकते. आजचे देवमासेही यातून सुटलेले नाहीत. स्पर्म व्हेलच्या हाडांत असा बिघाड वयाबरोबर साचत जातो, असे २००४ मध्ये दिसून आले.

गैरसमज: समुद्रात आजारी पडला, की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पोटात.

वस्तुस्थिती: इंग्लंडमधल्या वेस्टबरीला मिळालेला सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा प्लायोसॉर हा सागरी सरीसृप पाहा. आठ मीटर लांबीच्या या शिकाऱ्याच्या जबड्याचा सांधा संधिवाताने झिजला होता. खालचा जबडा एका बाजूला सरकला होता, त्यामुळे तोंड मिटताना वरचे दात खालच्या हाडावर आपटत आणि तिथे खड्डे पडत. असे खड्डे पडायला वेळ लागतो. म्हणजे या वाकड्या जबड्याने तो बराच काळ शिकार करून खात होता. शेवटी त्या कमजोर जबड्याचे हाड मोडले. तो मोड भरून आलेला नाही.

गैरसमज: ज्या जातीच्या हाडांवर आजाराच्या खुणा जास्त, ती जात जास्त रोगट.

वस्तुस्थिती: उलटही असू शकते. हाडावर खूण उमटायला आठवडे, महिने, कधी वर्षे लागतात. तेवढा काळ प्राणी तगला, तरच खूण उरते. दोन दिवसांत जीव घेणाऱ्या तापाचा हाडावर मागमूसही राहत नाही. म्हणून गाठी आणि खड्डे असलेला सांगाडा आजार सोसून टिकलेल्या प्राण्याचा असतो. आणि संग्रहालयातला नितळ हाडांचा सांगाडा पाहून तो प्राणी ठणठणीत होता, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही.