रुंदी पाहा, रंग नव्हे

सन २०११. जॉयंट या अमेरिकी क्लाउड कंपनीत ब्रेंडन ग्रेग एका मायएसक्यूएल डेटाबेसच्या मागे लागले होते. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त राबत होता आणि कारण सापडत नव्हतं. त्यांनी प्रोफायलर लावला. चालू प्रोग्रॅमला हे साधन सेकंदाला शेकडो वेळा मध्येच गाठतं आणि नोंद करतं: आत्ता कोणतं फंक्शन चाललंय, त्याला कोणी बोलावलं, त्या बोलावणाऱ्याला कोणी. या साखळीला प्रोग्रॅमर ‘स्टॅक’ म्हणतात. मिनिटभराच्या नोंदी भरल्या ५,९१,६२२ ओळी. त्यांत वेगवेगळे स्टॅक २७,०५३.

एवढं वाचणार कोण? सर्वांत जास्त वेळा आलेला स्टॅक पाहायचा, ही सोपी वाट. तो बोट दाखवत होता डेटाबेसची स्थिती विचारणाऱ्या ‘स्टेटस’ कमांडकडे. तिथेच थांबलं असतं, तर भलत्याच जागी डागडुजी झाली असती.

ग्रेग यांनी त्या नोंदींचं चित्र काढलं. प्रत्येक फंक्शनची एक आडवी पट्टी. त्याने ज्याला बोलावलं त्याची पट्टी तिच्यावर. जितक्या नोंदींत ते फंक्शन सापडलं, तितकी पट्टी रुंद. हाच ‘फ्लेम ग्राफ’. त्यात दिसलं की ‘स्टेटस’चे सगळे स्टॅक मिळूनही जेमतेम सव्वातीन टक्के होतात; खरा वेळ खात होते ‘जॉइन’, म्हणजे तक्ते एकमेकांशी जुळवण्याचं काम. दुरुस्तीनंतर प्रोसेसरवरचा भार ४० टक्क्यांनी उतरला.

नीलकंठ नाडगीर यांनी आधी केलेल्या अशाच एका चित्रावरून ग्रेग यांना कल्पना सुचली होती. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे वेळ धावत असे. ग्रेग यांनी वेळ काढून टाकली आणि पट्ट्या वर्णानुक्रमे लावल्या, म्हणजे सारख्या पट्ट्या शेजारी येऊन एक होतात. माझ्या मते सगळी करामत या टाकून देण्यात आहे. नवशिके मात्र हमखास इथेच फसतात: डावीकडची पट्टी ‘आधी’ घडली असं धरून चालतात, लाल पट्टीला धोका समजतात. मूळ फ्लेम ग्राफमधले रंग उष्ण छटांतून कसेही उचललेले असतात. पाहायची ती वरची कड. तिथे रुंद पठार दिसलं, की प्रोसेसर प्रत्यक्षात त्या फंक्शनमध्ये अडकलाय. तळाची रुंद पट्टी फारसं काही सांगत नाही. सगळी कामं तिच्यातूनच सुरू होतात.

सॉफ्टवेअर मुळातच अदृश्य आहे, त्याला अवकाशात आकार नाही, असं संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ साली लिहिलं होतं. अख्ख्या प्रणालीचा नकाशा काढू पाहणाऱ्यांना ते आजही पटेल: सगळंच दाखवायला गेलं की नुसत्या बाणांचं जंजाळ होतं. फ्लेम ग्राफ तो हट्ट धरत नाही. प्रोसेसरचा वेळ कुठे जातो, एवढंच तो सांगतो. प्रोग्रॅम डिस्कची किंवा नेटवर्कची वाट पाहत खोळंबला असेल, तर हे चित्र गप्प राहतं; त्यासाठी थांबलेल्या वेळेचा वेगळा ग्राफ काढावा लागतो.