आकार बदलला, की धातूचा गुणही बदलतो

सोने पिवळे आणि चांदी पांढरी, ही सराफाच्या पेढीवरची ओळख नॅनोमीटरच्या जगात पुसली जाते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. दहा-वीस नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण पाण्यात विखुरले, की पाणी माणकासारखे लाल दिसते; चांदीच्या कणांनी ते पिवळसर होते. प्रकाश पडताच कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन एका लयीत आंदोलित होऊन ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून घेतात. सोन्याचा लाल रंग सूक्ष्म कणांमुळे येतो, असे मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्येच सांगितले होते. खरा प्रश्न आहे तो असे कण हव्या त्या आकाराचे बनविण्याचा आणि ते एकमेकांना चिकटू न देण्याचा.

या प्रश्नावर पुण्यात दीर्घकाळ संशोधन करणाऱ्यांमध्ये भौतिकशास्त्रज्ञ डॉ. सुलभा कुलकर्णी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पुणे विद्यापीठातून पीएच.डी. आणि जर्मनीतील म्युनिक येथे पुढील संशोधन केल्यानंतर त्यांनी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अध्यापन केले. पुढे त्या पुण्याच्या 'आयसर'मध्ये संशोधन प्राध्यापक झाल्या. पदार्थांच्या पृष्ठभागाचा अभ्यास हे त्यांचे मूळ क्षेत्र. तेथून नॅनोकणांकडे वळणे स्वाभाविकच होते. कण जितका लहान, तितके त्याचे अधिकाधिक अणू पृष्ठभागावर येतात.

आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. किशोर पाकणीकर यांच्या गटासमवेतचे त्यांचे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. चांदी सूक्ष्मजीवांना मारक. मात्र ती सहन करणाऱ्या 'एमकेवाय-३' या यीस्टने विद्राव्य चांदीपासून पेशीबाहेर मुख्यतः दोन ते पाच नॅनोमीटरचे कण तयार केले. नमुना गोठवून, तो वितळण्याच्या वेगातील फरकाचा उपयोग करून हे कण वेगळे काढण्यात आले.

सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे वा चांदीचे पातळ कवच चढविलेल्या कणांवरही त्यांच्या गटाने काम केले. गाभा आणि कवच यांचे प्रमाण बदलले, की शोषला जाणारा प्रकाश बदलतो. शरीराच्या ऊतींतून खोलवर जाणारे अवरक्त किरण टिपणारे कण त्यामुळे बनविता येतात. कर्करोगाच्या उपचारांसाठी त्यांचा विचार होतो तो याच कारणाने.

जंतुनाशक म्हणून उपयोगी पडणारी चांदी सांडपाण्यातून नदीत गेली, तर तेथील उपकारक सूक्ष्मजीवांनाही अपाय करू शकते. म्हणूनच कण बनविण्याच्या कौशल्याइतकेच त्यांचे पुढे काय होते, याचे भानही आवश्यक ठरते.