घोडा तंदुरुस्त, तर स्वार मैदानात

घोड्यांचा खेळ म्हटला की आपल्याला रेसकोर्स आठवतो. ईव्हेंटिंगची तऱ्हाच निराळी. इथे स्वार आणि घोडा अशा जोडीला तीन परीक्षा द्याव्या लागतात: ड्रेसाजमध्ये शिस्तबद्ध चाल, क्रॉस-कंट्रीत मोकळ्या रानातले पक्के अडथळे आणि शेवटी शो जम्पिंग. ज्याचे दंडगुण कमी, तो पुढे.

बंगळुरूच्या फवाद मिर्झा यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 'सेन्यूर मेडिकॉट' या घोड्यावर रौप्यपदक जिंकले. अश्वारोहणात भारताला वैयक्तिक पदक तब्बल 36 वर्षांनी मिळाले. पुढे टोकियो ऑलिम्पिकची जागा मिळवायची होती आणि मेडिकॉट दुखापतीतून सावरत होता. तेव्हा 2019 चा हंगाम त्यांनी 'फर्नहिल फेसटाइम' आणि 'टचिंगवुड' या दोन घोड्यांवर काढला. युरोपातल्या स्पर्धांमधून 64 गुण जमवले आणि जागा पक्की केली.

पण इथे स्वाराबरोबर घोड्यालाही पात्र ठरावे लागते. 2021 मध्ये मेडिकॉट बरा होऊन पात्र ठरला, टोकियोत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि फवाद 23 वे आले.

स्पर्धेत पशुवैद्य घोड्याची चाल तपासतात. तो लंगडला, तर स्वार कितीही कसलेला असो, त्याला घरी परतावे लागते. म्हणून ज्या जनावराच्या जिवावर आपण पुढे जातो, त्याला सावरायला सवड देणे हाही हंगामाच्या मेहनतीचाच भाग आहे. पदकाची गोष्ट मुलांना सांगताना एवढे आपण जरूर सांगावे.