पदवी शेतात उतरली पाहिजे

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या पदवीत ग्रामीण कृषी कार्यानुभव आहे. २०१५ पासून तो देशपातळीवरील 'स्टुडंट रेडी' उपक्रमाचा भाग झाला. यात विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात जातात, हे चांगलेच; पण गुण हजेरी-अहवालापेक्षा कौशल्याला मिळायला हवेत. उदाहरणार्थ, सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, उगवलेले मोजायचे, ७० पेक्षा कमी निघाले तर एकरी बियाणे किती वाढवायचे हे शेतकऱ्याला सांगायचे. जमले तरच उत्तीर्ण. यात सिद्धांत मागे पडेल, असा आक्षेप असतो. उलट, दाणा का उगवला नाही हे शोधायला शास्त्रच लागते. अशी परीक्षा वेळखाऊ आहे, हे खरे. पण चुकीच्या सल्ल्याची किंमत शेतकरी दुबार पेरणीने मोजतो.