ग्रेनव्हिल : एका कॅरिबियन बाजारगावाची ओळख

कॅरिबियन बेटे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या वाळूचा किनारा, माडांची रांग आणि आरामखुर्चीत पहुडलेला पाहुणा उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. मात्र ते ज्या जागेवरून काढलेले असते ती जागा बेटाच्या एका कोपऱ्यात असते आणि बेटावरची माणसे तेथे मुख्यतः नोकरीसाठी येतात. ती भाजी घ्यायला, बँकेच्या कामाला, मासळी पाहायला आणि चार ओळखीच्या माणसांना भेटायला जातात ते गाव निराळे असते. प्रस्तुत लेखात अशा एका गावाचा परिचय करून घ्यायचा आहे. गावाचे नाव ग्रेनव्हिल, देश ग्रेनाडा.

ग्रेनाडा हा देश त्रिनिदादच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ अवघे ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनही कमी. ब्रिटिश सत्तेतून तो १९७४ मध्ये स्वतंत्र झाला. विमानतळ, राजधानी सेंट जॉर्जेस आणि ग्रँड आन्सचा प्रसिद्ध किनारा हे सारे नैर्ऋत्येकडे एकवटले आहे. ग्रेनव्हिल त्याच्या विरुद्ध अंगाला, पूर्व किनाऱ्यावर, सेंट अँड्र्यू या शेतीप्रधान विभागात वसले आहे. पर्यटक तेथे आले तरी तास-दोन तासांत परततात.

राजधानीतून तेथे जायला लहान प्रवासी बस मिळते. ती भरली की सुटते. रस्ता मधल्या डोंगरावर चढतो, दाट पर्जन्यवनात शिरतो आणि ग्रँड एटांग या विवर-सरोवराजवळून पूर्वेकडे उतरतो. उतरायचे असेल तर प्रवासी बसच्या छतावर किंवा बाजूच्या पत्र्यावर टकटक करतो. बसमध्ये चढताना, तसेच दुकानात पाऊल टाकताना, प्रथम ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणावे लागते. भाव विचारणे त्यानंतर. हे न करणारा पाहुणा उद्धट ठरतो, आणि पुष्कळदा आपण उद्धट ठरलो आहोत हे त्याला कळतही नाही.

शनिवार का?

ग्रेनव्हिलचा बाजार पाहायचा तर शनिवारी सकाळी लवकर जावे. बाजाराचा हा वार सहज ठरलेला नाही. गुलामगिरीच्या काळात ऊसमळ्यांवरील गुलामांना मळ्याच्या कडेची, बहुधा डोंगरउताराची, ओसाड जमीन स्वतःचे अन्न पिकवण्यासाठी दिली जाई. मालकाचा धान्यखर्च वाचावा, एवढाच त्यामागील हिशेब. परंतु त्या तुकड्यांवर पोटापुरते पिकून थोडे उरू लागले आणि ते विकण्यासाठी कामाला सुट्टी असलेला एकमेव दिवस, म्हणजे रविवार, बाजाराचा दिवस झाला. पुढे १८२३ नंतरच्या सुधारणांच्या ओघात ब्रिटिश वसाहतींतून रविवारचे बाजार बंद करण्यात आले आणि शनिवारला महत्त्व आले. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली. त्यानंतरची सक्तीची ‘उमेदवारी’ १८३८ मध्ये संपली. बाजार मात्र त्याआधीच उभा होता. सिडनी मिंट्झ या मानवशास्त्रज्ञाने जमैकाच्या संदर्भात हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. ज्याला कायद्याने स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, तो माणूस आठवड्यातून एक दिवस स्वतःच्या मालाचा भाव स्वतः सांगत होता, ही गोष्ट आजच्या बाजारात उभे राहून आठवण्याजोगी आहे.

(येथे वाचन क्षणभर थांबवून आपल्या तालुक्याच्या आठवडे बाजाराचा वार कोणता आणि तोच का, याचा विचार करावा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्यास अनपेक्षित उत्तर मिळण्याची शक्यता आहे.)

गावाच्या नावातही इतिहास आहे. फ्रेंचांनी या खाडीकाठच्या वस्तीला ‘ला बे’, म्हणजे खाडी, असे साधे नाव दिले होते. १७६३ मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले आणि तत्कालीन पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचे नाव गावाला चिकटले. जुने नाव तरीही पुसले गेले नाही. मार्च १७९५ मध्ये ज्युलियन फेदों या मिश्रवंशीय मळेमालकाच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. त्याचे पहिले घाव ग्रेनव्हिल आणि गूयाव्ह या दोन गावांवर पडले. पुढे वर्षभराहून अधिक काळ राजधानी वगळता बहुतेक बेट बंडखोरांच्या ताब्यात होते. फेदों अखेरपर्यंत हाती लागला नाही.

बाजारात

बाजारातील विक्रेत्यांत स्त्रिया अधिक. त्यांच्यापुढील माल पाहताना मराठी माणसाला परकेपणा फार वेळ टिकवता येत नाही. कोनफळाच्या जातीचे कंद, रताळी, हिरवी केळी, आले, नीरफणस यांचे ढीग असतात. तेथे ‘डॅशीन’ म्हणतात तो आपला अळूच, आणि त्याच्या पानांचे ‘कलालू’ घरोघर शिजते. हळदीला ग्रेनाडात ‘सॅफ्रन’ म्हणतात. त्यामुळे स्वस्त केशर मिळाले या आनंदात कोणी पिशवी भरू नये! नीरफणस, खारवलेले मांस, अळूची पाने आणि हळद नारळाच्या दुधात, दूध पूर्ण आटून तेल सुटेपर्यंत शिजवतात. हा ‘ऑइल डाऊन’ नावाचा पदार्थ त्या देशाचे राष्ट्रीय अन्न मानला जातो.

गावात रोटीही मिळते. ती तेथे पोहोचली ती ‘मेडस्टोन’ या जहाजातून, १ मे १८५७ रोजी. मुक्तीनंतर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. पुढील तीन दशकांत सुमारे ३,२०० माणसे या एका छोट्या बेटावर उतरली. ती मुख्यतः उत्तर भारतातील होती. त्यांची भाषा तेथे टिकली नाही, धर्मही बहुतेकांचा बदलला. टिकली ती रोटी, काही आडनावे आणि ‘करी’.

जायफळाचे केंद्र

ग्रेनव्हिलमध्ये एकच जागा पाहायची असेल तर ती जायफळ प्रक्रिया केंद्राची पाहावी. ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळाचे चित्र आहे, एवढे हे पीक तेथील जीवनाशी निगडित आहे. झाड मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे. ग्रेनाडात ते एकोणिसाव्या शतकात रुजले. पिकलेले फळ झाडावर उकलते, आतील बी लालभडक जाळीने वेढलेली दिसते. ती जाळी म्हणजे जायपत्री. बी वाळवून कवच फोडले की आत जायफळ. बाहेरच्या जाड सालीचा तेथे मुरांबा आणि सरबत करतात. आपल्याकडे कोकणात तिचे लोणचे घालतात.

केंद्रात शेतकऱ्यांनी आणलेले बी लाकडी फळ्यांवर पसरून सहा ते आठ आठवडे वाळवतात आणि अधूनमधून दाताळ्याने उलथतात. कवच फोडल्यावर दाणे पाण्यात टाकतात. जड दाणा बुडतो, तो उत्तम. तरंगणारा हलका, तो तेल काढण्यासाठी. निवडीचे काम बहुधा स्त्रिया हातांनी करतात. शेवटी तागाच्या गोण्यांवर जाणार त्या बंदराचे नाव ठशांनी रंगवले जाते.

या व्यवहाराची घडण सहकारी आहे. १९४७ पासून जायफळ उत्पादकांची एक सहकारी संस्था माल खरेदी करते. माल घातला की शेतकऱ्याला ठरावीक रक्कम लगेच मिळते आणि वर्षअखेरीस नफ्यातील वाटा मिळतो. आपल्या सहकारी साखर कारखान्याची पहिली उचल आणि अंतिम भाव ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बाजारात आले-रताळी विकून आठवड्याचा खर्च भागवायचा आणि मुलांचे शिक्षण, घराचे छप्पर यांसाठी जायफळावर भिस्त ठेवायची, असे अनेक कुटुंबांचे गणित होते.

ते गणित ७ सप्टेंबर २००४ रोजी मोडले. त्या दिवशी ‘आयव्हन’ हे चक्रीवादळ बेटावर आदळले. ३९ माणसे दगावली, दहांपैकी सुमारे नऊ घरांचे नुकसान झाले आणि जायफळाची जवळजवळ नऊ-दशांश झाडे उन्मळली किंवा मोडली. जायफळाची मुळे खोल जात नाहीत. १९५५ च्या ‘जॅनेट’ वादळातही असेच घडले होते. आयव्हनपूर्वी इंडोनेशियाच्या खालोखाल जायफळ पिकवणारा देश म्हणून ग्रेनाडाची ख्याती होती. पुढील वर्षांत केंद्रातील कित्येक फळ्या रिकाम्या राहिल्या.

झाडे पुन्हा लावता येतात, असे बाहेरच्या माणसाला वाटते. परंतु जायफळाचे रोप फळाला यायला सात-आठ वर्षे लागतात, भरात यायला त्याहून बरीच अधिक. शिवाय झाडे नर आणि मादी अशी वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात आणि हे फूल येईपर्यंत ओळखता येत नाही. म्हणजे सात वर्षे जोपासलेले रोप तोडून टाकण्याची वेळ येऊ शकते. (कोकणात यावर कलमांचा उपाय रूढ झाला आहे.) आयव्हनच्या वेळी साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याने रोप लावायचे ते कोणासाठी, हा प्रश्न केवळ शेतीचा नव्हता. काहींनी लावले. अनेकांनी लवकर सावरणाऱ्या कोकोकडे मोर्चा वळवला, काहींनी जमीन तशीच सोडली. केंद्र पाहताना वाटाड्या प्रक्रिया उत्साहाने समजावतो. पाहुण्याने भरलेल्या फळ्यांइतकेच रिकाम्या फळ्यांकडेही लक्ष द्यावे.

गावाच्या उत्तरेस थोड्या अंतरावर पर्ल्स येथे देशाचा जुना विमानतळ आहे. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे सैनिक प्रथम येथे आणि मग ग्रेनव्हिलमध्ये उतरले. पुढच्याच वर्षी नैर्ऋत्येकडील नवा विमानतळ सुरू झाला, पर्ल्स ओस पडला आणि पाहुण्यांचा ओघ बेटाच्या दुसऱ्या टोकाला वळला. ग्रेनव्हिल पर्यटकांच्या वाटेवर का नाही, याचे एक उत्तर या धावपट्टीवर मिळते. तिच्या कडेला सोव्हिएत बनावटीची दोन जुनी विमाने गंजत पडली आहेत.

शनिवारचा बाजार दुपारनंतर ओसरू लागतो. उरलेला माल गोण्यांत जातो आणि बसच्या थांब्यावर गर्दी होते. परतीची बस संध्याकाळपूर्वीच गाठावी. रविवारी दुकाने बहुतेक बंद असतात आणि बस क्वचितच मिळते.