पुस्तक आणि गेम: कसोटी एकच

उद्धव शेळके यांची 'धग' (1960) ही कादंबरी आणि पुण्यात घडवलेला 'राजी' (2020) हा व्हिडिओ गेम एकाच मापाने मोजावेत, असं माझं मत आहे. 'धग'मधली कौतिक संसार सावरायला राबते. तिची माणसं वऱ्हाडीत बोलतात, बार्शीटाकळीच्या वाचकाला ती बोली घरचीच. 'राजी'त पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली बहीण भित्तिचित्रांपुढे थांबते, तेव्हा देवादिकांच्या कथा उलगडतात. गेम म्हणजे नुसती मारामारी, हा आक्षेप 'राजी'लाही थोडा लागू पडतो. त्यातल्या लढाया एकसुरी होतात. पण एखादी कादंबरी रटाळ निघाली म्हणून आपण वाचन सोडत नाही. आपल्या मातीतलं काही जिवंत होतं का, हीच कसोटी. तिच्यावर 'धग' सरस ठरते, 'राजी'ही उतरतो. मुलांना दोन्ही द्या आणि त्यांचं मत कारणांसह विचारा.