माप घेतल्याशिवाय व्हीलचेअर विकू नका, घेऊही नका

शेरवानी शिवायची तर टेप लावली जाते, चप्पल घ्यायची तर नंबर विचारला जातो. मात्र लकवा झालेल्या किंवा मधुमेहामुळे पाय गमावलेल्या बुजुर्गांसाठी व्हीलचेअर घ्यायची वेळ आली की घरचा मुलगा दुकानात जातो, "एक व्हीलचेअर द्या" म्हणतो आणि दुकानदार भिंतीला टेकवलेली पहिली खुर्ची पुढे करतो. माणूस सडपातळ असेल तर निभावून जाते. अंगाने जाड असेल तर याच खुर्चीपासून त्याचा त्रास सुरू होतो.

बाजारातील सर्वसाधारण खुर्चीची बैठक १८ इंच रुंद असते आणि ती साधारण १०० किलो वजनासाठी बनवलेली असते. त्यापेक्षा रुंद माणूस तीत बसला की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मांड्यांना घासतात. कातडी सोलवटते, जखम होते. मधुमेह्याच्या अंगाला बधिरता असेल तर ही जखम त्याला कळतही नाही आणि ती भरून यायला महिने लागतात. दुसरा धोका लोखंडाचा. घडीच्या खुर्चीचा सारा भार बैठकीखालच्या कैचीवर आणि तिच्या बोल्टवर येतो. जास्त भाराने कैची वाकते, रेक्झिन फाटते, पुढची छोटी चाके निसटतात.

म्हणून टेप हातात घ्यावी. माणसाला सपाट, टणक बाकावर सरळ बसवावे. कंबरेखालचा सर्वांत रुंद भाग मोजून त्यात सुमारे एक इंच मिळवावा. माप २१ इंच भरले तर २२ इंची बैठक घ्यावी. पाठीमागून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतच्या लांबीतून दोन इंच वजा केले की बैठकीची खोली मिळते. गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंतच्या मापावर पायपट्टीची उंची ठरते. गादी वापरणार असाल तर तिची जाडी हिशेबात धरावी. पायपट्टी जमिनीपासून किमान दोन इंच वर राहिली पाहिजे. बाईमाणसाचे माप घरातील बाईनेच घ्यावे आणि दुकानदाराने आकडे तेवढे लिहून घ्यावेत.

वजन अंदाजाने सांगू नये. उभे राहता येत नसेल तर मोठ्या तोलकाट्यावर खुर्चीसह बसवावे आणि खुर्चीचे बारदान वजा करावे. निघालेल्या वजनापेक्षा दहा-वीस किलो जास्त पेलणारी खुर्ची घ्यावी. दुहेरी कैचीच्या, जाड पाइपच्या, २०, २२, २४ इंच बैठकीच्या खुर्च्या मिळतात. काही दिवस आधी सांगितले तर दुकानदार त्या मागवून देऊ शकतो.

"मोठीच घेऊ, सैल बसेल" हा हिशेबही चुकीचा आहे. फार रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलंडतो, हात चाकापर्यंत पोहोचत नाही. शिवाय हाताने चालवायच्या खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा सात-आठ इंच जास्त भरते. २२ इंची बैठक म्हणजे जवळजवळ ३० इंच. चाळीतल्या मोरीचे दार पुष्कळदा अडीच फुटांहून कमी असते. दारे न मोजता घेतलेली खुर्ची बाहेरच्या खोलीत अडकून पडते.

आता आमच्या कारागीर बांधवांसाठी. वेल्डिंगवाल्याकडे कोणी १८ इंची खुर्ची रुंद करायला आणली तर नुसती नळी वाढवून देऊ नका. लांब झालेली कैची कमजोर होते आणि पडणारा माणूस तुमच्या भरवशावर बसलेला असतो. गादीवाल्यांनी लक्षात घ्यावे की जाड माणसाचा मागचा भाग पाठीकडे पुढे आलेला असतो. त्याची पाठ टेकत नाही, तो पुढे सरकून बसतो आणि भार छोट्या चाकांवर जातो. खाली ढिले आणि वर ताणता येणारे पट्टे लावून दिले तर पाठ टेकते. सुतार आणि गवंडी यांना उताराचे काम आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी हे प्रमाण धरावे. मशिदीच्या सहा इंची पायरीला सहा फूट उतार लागेल. त्याहून उभा उतार जड खुर्ची ढकलणाऱ्याच्या हातून निसटू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अल्प साधनांच्या भागांसाठी व्हीलचेअरची मार्गदर्शिका काढली. तीत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. तपासणी, बसवून पाहणे, वापर शिकवणे आणि दुरुस्ती या त्यांतल्याच आहेत. खुर्ची हातात दिली की व्यवहार संपत नाही. बसल्यावर दोन्ही बाजूंना तळहात सपाट सरकतो का, गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा राहते का, ब्रेक पकडतो का, हे दुकानातच पाहावे. ग्राहकाला दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग थोडे उचलायला किंवा कलायला सांगावे आणि महिन्यातून एकदा बोल्ट आवळून न्यायला बोलवावे.

वजन विचारताना हसू नये, चार लोकांत मोठ्याने बोलू नये. जाड माणूस आधीच संकोचून आलेला असतो. माप-तोल पुरा देण्याची ताकीद आपल्या दीनने व्यापाऱ्याला दिली आहे. इथे माप माणसाच्या शरीराचे आहे, एवढाच फरक. ते नीट घेणाऱ्या दुकानाचे नाव मोहल्ल्यात आपोआप होईल आणि दुआही मिळतील, इन्शाअल्लाह.